लग्नघरातले नियोजन ऑफिसात: पहिला प्रकल्प हाती आल्यावर काय करावे

ऑफिसात पहिल्यांदा एखादा प्रकल्प अंगावर पडला की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधू लागतात आणि मग एखादा ऑनलाइन कोर्स लावतात. दोन्हींचा उपयोग आहेच. मात्र ज्याने घरातल्या एका तरी लग्नात धावपळ केली आहे, त्याने तारीख, पैसा, माणसे आणि मानापमान या चारही आघाड्या एकाच वेळी सांभाळल्या जाताना जवळून पाहिलेल्या असतात. हॉल घेतलेला, केटरर लावलेला आणि दोन्हींकडची मिळून चार-पाचशे माणसे जेवून गेलेली, असे मध्यमवर्गीय मराठी लग्न या लेखात उदाहरणादाखल घेतले आहे. सगळे काही इव्हेंटवाल्यांवर सोपवलेल्या लग्नातून शिकण्यासारखे फारसे उरत नाही, म्हणून ते बाजूला ठेवू.

त्याच्या जोडीला ऑफिसातले एक काम लेखभर डोळ्यांसमोर असू द्या. समजा, चाकणच्या किंवा सातपूरच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात बिले, खरेदी आणि स्टोअरचा साठा आजवर जुन्या प्रणालीवर आणि थोडाफार एक्सेलवर चालत आला आहे. आता नवी प्रणाली घ्यायची ठरली असून ती १ एप्रिलला सुरू करायची आहे. हे काम तुमच्याकडे आले आहे आणि हाताशी साधारण चार महिने आहेत.

पहिली पायरी: मुहूर्तापासून उलटे मोजत या

मुहूर्त ठरला की लग्नघरात "सगळे कधी आटपेल?" असा प्रश्न कोणी विचारत नाही. मुहूर्तापासून मागे मोजत कोणते काम केव्हा सुरू व्हायला हवे, एवढेच ठरवले जाते. ऑफिसात बहुधा आजपासून पुढे मोजण्याची सवय असते आणि त्यामुळे शेवटची तारीख जिथे पडेल तिथे पडते. कोकण रेल्वेच्या कामावर अभियंते ई. श्रीधरन यांनी उलटे मोजणारी घड्याळे लावली होती, आणि पुढे दिल्ली मेट्रोच्या कामावरही तीच पद्धत ठेवली. किती दिवस गेले यापेक्षा किती दिवस उरले हे साइटवरच्या प्रत्येकाला येता-जाता दिसावे, असा त्यामागचा हेतू होता.

आपल्या उदाहरणात १ एप्रिल ही तारीख सहज हलवता येण्यासारखी नाही. जीएसटीच्या नियमांनुसार बिलांचे क्रमांक एका आर्थिक वर्षात सलग असावे लागतात आणि कोणताही क्रमांक दोनदा वापरता येत नाही, त्यामुळे नवी मालिका वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू करणे सर्वांत सोयीचे असते. शिवाय वर्षअखेरची साठामोजणी करावी लागतेच, तेव्हा तेच आकडे नव्या प्रणालीत सुरुवातीची शिल्लक म्हणून चढवता येतात. आता मागे या. ३१ मार्चला साठामोजणी, त्याआधी किमान दोन आठवडे चाचणीची बिले काढून पाहणे, त्याआधी स्टोअर, विक्री आणि अकाउंट्सच्या माणसांचे प्रशिक्षण, आणि त्याच्याही आधी मालाच्या यादीची साफसफाई. ही साफसफाई सर्वांत वेळखाऊ असते, कारण एकच बेअरिंग तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले असते आणि त्यातले खरे नाव कोणते हे स्टोअरमधल्या एखाद्या जुन्या माणसालाच ठाऊक असते.

असे मागे येताना एक गोष्ट आपोआप ध्यानात येते, जी पुढे मोजणाऱ्याच्या बहुधा नजरेतून सुटते. मार्च महिन्यात अकाउंट्सची माणसे तुमच्या वाट्याला येणार नाहीत, कारण त्यांची स्वतःची वर्षअखेर चालू असेल. म्हणजे त्यांच्याकडून जे काही हवे आहे, ते फेब्रुवारी संपण्याआधी हातात पडले पाहिजे. चार महिन्यांचे काम म्हणून जे मिळाले होते, ते काही बाबतींत तीनच महिन्यांचे आहे, हे पहिल्या आठवड्यात कळले तर निभावते, मार्चमध्ये कळले तर नाही.

तारीख केवळ वरिष्ठांच्या मनात आली म्हणून ठरलेली असेल, तर ती चुकल्यास नेमके काय बिघडेल, हे एकदा नम्रपणे विचारून घ्यावे. काहीच बिघडणार नसेल, तर माणसे ते लगेच ओळखतात आणि त्या तारखेकडे गांभीर्याने पाहत नाहीत.

दुसरी पायरी: याद्या करा

लग्न ठरल्यावर दोन्हींकडची वडीलधारी माणसे बैठकीला बसतात आणि याद्या होतात. हॉलचा खर्च कोणी करायचा, दागिन्यांत काय काय, मानपान कोणाकोणाचे, वरपक्षाची माणसे किती येणार, त्यांच्या उतरण्याची सोय कुठे, हे सगळे कागदावर उतरते आणि दोन्हींकडच्या सह्या होऊन एकेक प्रत ज्याच्या त्याच्याकडे जाते. देण्याघेण्याच्या ज्या प्रथा या कागदाआडून चालत आल्या, त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. हुंडा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हाच आहे. घेण्यासारखी आहे ती पद्धत. नाते अजून गोड असताना, समोरासमोर बसून, कोण काय करणार आणि कोण काय करणार नाही हे लिहून ठेवायचे.

प्रकल्पाच्या याद्या एका पानात मावल्या पाहिजेत. डाव्या बाजूला काम, शेजारी ते कोण करणार त्या व्यक्तीचे नाव, त्यापुढे तारीख आणि शेवटी "झाले" म्हणजे काय हे एका वाक्यात. हा शेवटचा रकाना लिहायला लोक कंटाळतात आणि पुढची बहुतेक भांडणे त्यातूनच निघतात. "स्टोअरच्या माणसांचे प्रशिक्षण" असे लिहिले, तर दोन तासांचे व्याख्यान देऊन ते संपले असे कोणीही म्हणू शकतो. "स्टोअरमधील चारही जणांनी कोणाच्या मदतीशिवाय माल आवक, माल जावक आणि परतावा यांच्या प्रत्येकी पाच नोंदी करून दाखवल्या" असे लिहिले, तर वाद उरत नाही.

जे करायचे नाही, तेही त्याच पानावर खाली लिहावे. पगाराचा हिशेब नव्या प्रणालीत येणार नाही, जुन्या वर्षांची बिले चढवली जाणार नाहीत, परगावचे गोदाम दुसऱ्या टप्प्यात घेतले जाईल, हे डिसेंबरात लिहून सर्वांना दाखवले असेल, तर फेब्रुवारीत येणाऱ्या "एवढे जाता जाता करून टाका ना" या विनंतीला तोंड देणे सोपे जाते. अशी विनंती आली की लगेच हो किंवा नाही म्हणू नये. तिच्यामुळे कोणते काम किती दिवस मागे पडेल, हे लिहून ज्याने मागणी केली त्याच्याकडे आणि ज्याने तारीख ठरवली त्याच्याकडे एकाच वेळी पाठवावे. निम्म्या मागण्या तिथेच विरतात. उरलेल्या खरोखर गरजेच्या निघतात आणि त्यांच्यासाठी जागा करावी लागते.

तिसरी पायरी: कोणते काम कशासाठी अडले आहे ते पाहा

हॉल मिळाल्याखेरीज पत्रिका छापता येत नाही, पत्रिका हातात आल्याखेरीज कुलदैवतापुढे ठेवून आमंत्रणाला निघता येत नाही, आणि आमंत्रणे झाल्याखेरीज पाने किती हे केटररला सांगता येत नाही. ही एक साखळी. साड्या, रुखवत, बँडवाला ही दुसऱ्या साखळीतली कामे; त्यांना चार दिवस उशीर झाला म्हणून मुहूर्त हलत नाही. अनुभवी माणूस हॉलसाठी जिवाचे रान करतो आणि रुखवताबद्दल निवांत असतो, त्याचे कारण हेच. याच विचाराला गणिती रूप देण्याचे काम अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास केले. आज प्रकल्पाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जो क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकांवर अडलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी, दिसतो, तो तिथून आला.

तुमच्या यादीतले प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहा, मोठ्या टेबलावर मांडा आणि प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारा: हे सुरू करण्याआधी हातात काय असायला हवे? सर्वांत लांब साखळी तुमच्या रोजच्या लक्षाची, बाकीच्यांकडे आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालते. कोकण रेल्वेवर शेकडो पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे होते, पण गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने वारंवार दगा दिला आणि इतर बहुतेक काम उरकत आले असतानाही सलग वाहतूक १९९८ च्या जानेवारीपर्यंत थांबून राहिली. नव्वद टक्के काम झाले, असे आढावा बैठकीत अभिमानाने सांगणाऱ्याला उरलेले दहा टक्के त्या लांब साखळीतले आहे का, हे विचारलेच पाहिजे.

चौथी पायरी: काम द्या, तशी किल्लीही द्या

माझ्या मते या सगळ्यात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ऑफिसात हिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते.

हॉलवर एक खोली कोठीची असते. नारळ, सुपाऱ्या, अक्षता, आहेराच्या साड्या, पाहुण्यांना द्यायचे पेढ्यांचे पुडे, भटजींनी सांगितलेले पूजेचे सामान, सगळे तिथे. त्या खोलीची किल्ली एकाच व्यक्तीच्या कमरेला असते, आणि जाणत्या घरात ती व्यक्ती वधूची आई नसते. आईला ऐन वेळी कन्यादानाला बसायचे असते. तिच्याकडे किल्ली राहिली तर एका नारळासाठी कोणाला तरी बोहल्यापर्यंत यावे लागेल. म्हणून किल्ली मावशीकडे किंवा एखाद्या खमक्या काकूंकडे जाते. त्या मंगलाष्टकांच्या वेळी पुढे येत नाहीत, फोटोत फारशा दिसत नाहीत, पण कोणाला कोणती साडी द्यायची, हा निर्णय त्या तिथल्या तिथे घेतात. आईला विचारून सांगते, असे त्या म्हणत नाहीत. दिवसभरात तसे एकदा जरी घडले, तरी पुढच्या वेळी माणसे काकूंना ओलांडून थेट आईकडे जाऊ लागतात.

इथून तीन नियम निघतात. पहिला, एका कामापुढे एकच नाव असावे. "अकाउंट्स विभाग" हे नाव नव्हे. तो फोन उचलत नाही. दुसरा, त्या कामासाठी लागणारा अधिकार त्याच माणसाकडे हवा. मालाच्या यादीची साफसफाई एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे दिली असेल, तर तीन नावांतले कोणते ठेवायचे हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच असला पाहिजे, आणि ही गोष्ट स्टोअरच्या प्रमुखांसमोर, त्याच्या उपस्थितीत, स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. अमुक रकमेपर्यंतचा खर्च त्याने न विचारता करावा, हेही आकड्यात सांगावे. तिसरा नियम स्वतः प्रकल्पप्रमुखासाठी आहे: ऐन दिवशी ज्याला सर्वांनी गाठायचे आहे, त्याने त्या दिवशीचे कोणतेही काम स्वतःच्या नावावर ठेवू नये. १ एप्रिलच्या सकाळी पहिला ट्रक गेटवर उभा असेल आणि बिल निघत नसेल, तेव्हा तुम्ही संगणकापुढे बसून साठ्याचे आकडे जुळवत असाल, तर निर्णय घ्यायला कोणीच मोकळे नसेल.

किल्ली दिल्यावर ती मध्येच मागून घेऊ नये. काम अडते आहे असे वाटले, तर त्या व्यक्तीला एकांतात विचारावे. आणखी माणसे लावण्याची घाईही करू नये. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. ऐन पंगतीच्या वेळी मदतीला धावलेल्या दहा पाहुण्यांना "ते पातेले कुठे आहे" हे सांगण्यात वाढप्यांचा किती वेळ जातो, ते पाहिलेल्याला त्याचे नवल वाटणार नाही.

पाचवी पायरी: पानांचा अंदाज

केटरर पाने किती हे विचारतो तेव्हा आमंत्रणांचा आकडा सांगणारा माणूस नवखा असतो. जाणती माणसे गेल्या दोन-तीन वर्षांत याच कुटुंबात, याच गावात झालेल्या लग्नाची वही काढतात आणि तिथे किती आमंत्रणे होती, किती पाने उठली, ते पाहतात. मग त्यात वार, परीक्षांचा मोसम आणि त्याच दिवशी गावात असलेली दुसरी लग्ने धरून थोडा बदल करतात. आपल्या कामाला लागणाऱ्या वेळेबाबत माणूस हमखास आशावादी असतो आणि आधी झालेल्या तशाच कामांचा अनुभव विसरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. त्यावरचा उपायही त्यांनी तोच सुचवला होता: आपले काम किती वेगळे आहे याचा विचार नंतर, आधी तशा इतर कामांना किती वेळ लागला ते पाहा.

तेव्हा प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला इतर ग्राहकांकडे किती दिवस लागले ते विचारा, आणि जमले तर त्यांतल्या एखाद्या ग्राहकाला स्वतः फोन करा. आपल्याच कारखान्यात मागे हजेरीचे यंत्र बसवले होते, त्याला ठरल्यापेक्षा किती जास्त दिवस लागले, हे जुन्या ईमेलमध्ये सापडते. जे वाढीव दिवस धरायचे, ते प्रत्येक कामात थोडे थोडे लपवू नयेत. तसे लपवलेले दिवस ज्याचे त्याच्याकडे वापरून संपतात. ते शेवटी एका ठिकाणी, उघडपणे, सर्वांना दिसतील असे ठेवावेत.

सहावी पायरी: रात्रीची दहा मिनिटे

लग्नाच्या आदल्या आठवड्यात रात्री जेवणे झाल्यावर घरातली चार माणसे बसतात. आज काय झाले, उद्या काय, कशात अडले आहे, बस. कोणाचे चुकले याचा काथ्याकूट तिथे होत नाही, कारण उद्या त्याच माणसाकडून काम करून घ्यायचे असते. ऑफिसातली रोजची बैठकही एवढीच असावी, आणि जे दोघांतच सुटण्यासारखे आहे ते त्या दोघांनी नंतर सोडवावे.

मात्र महिन्याभरात एकदा एक वेगळी बैठक घ्या. १ एप्रिल उलटून गेला आहे आणि प्रणाली साफ कोसळली आहे, असे सर्वांनी समजायचे आणि ती का कोसळली याची कारणे प्रत्येकाने स्वतंत्रपणे कागदावर लिहायची. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. साहेबांसमोर शंका काढायला कचरणारी माणसेही या खेळात मोकळेपणाने लिहितात. स्टोअरमधल्या एखाद्या मदतनिसाच्या कागदावर "दुपारी दोनला लाइट जाते" असे निघेल आणि यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते, हे पाहायचे तुम्हाला तेव्हाच सुचेल. लग्नघरात हा खेळ खेळावा लागत नाही, तिथे एखादी आत्या हे काम आयुष्यभर विनामूल्य करत आलेली असते.

सातवी पायरी: मांडव परतणे

लग्न लागले म्हणून कार्य संपत नाही. देवक उठवावे लागते, मांडव परतणे होते, आणलेली भांडी मोजून परत जातात, विसार वजा करून उरलेले पैसे चुकते होतात, आहेराची वही पूर्ण होते. प्रकल्पात हा भाग बहुधा गळतो, कारण तोवर माणसे पुढच्या कामाला लागलेली असतात. निदान चार गोष्टी कराव्यात: जुनी प्रणाली कोणत्या दिवशी बंद होणार आणि तिच्यातली माहिती कुठे जपली जाणार हे ठरवणे, पासवर्ड आणि करार नेहमीच्या जबाबदार माणसाकडे सोपवणे, याद्यांतल्या ज्या गोष्टी राहिल्या त्या नावानिशी लिहिणे, आणि कोणत्या कामाला धरलेले दिवस किती आणि लागलेले दिवस किती, हे एका पानावर मांडून ठेवणे. पुढच्या वेळी अंदाज बांधताना हेच पान वहीचे काम करील.

याच आठवड्यात ज्यांनी काम केले त्यांच्या वरिष्ठांना, त्यांनी नेमके काय केले ते सांगणारे चार ओळींचे ईमेल पाठवावे. "सर्वांचे आभार" या वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

आणि तुमची स्वतःची वाढ

घरच्या लग्नांत माणसाची बढती कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. आधी पाण्याचा जग हाती येतो. मग मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे हे हातात बसले की वाढायला उभे करतात. त्यानंतर एखादी पंगत सांभाळायला मिळते, आणि कितीतरी कार्यांनंतर कोणीतरी म्हणते, "कोठी या वेळी तू बघ." यातला प्रत्येक टप्पा आधीचे काम डोळे झाकून जमू लागल्यावर येतो, मात्र पंगत बघतो का, असे विचारण्याआधी त्या मुलाने दोन वेळा तरी न सांगता रिकामी पाने हेरलेली असतात.

ऑफिसात हीच वाट थोडी जाणीवपूर्वक चालावी लागते. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर "प्रणाली बदलाच्या प्रकल्पात सहभाग" असे लिहिण्यापेक्षा, एक लहान काम संपूर्णपणे आपल्या नावावर मागून घ्यावे आणि त्याच्या सुरुवातीचे व शेवटचे आकडे लिहून ठेवावेत: यादीत किती नावे होती, किती उरली, १ एप्रिलनंतर पहिल्या महिन्यात चुकीच्या नावामुळे किती बिले परत आली. काम मागताना त्याचा अधिकारही सोबत मागावा. "हे मी करतो, मात्र अमुक निर्णय मला घेऊ द्यावा आणि विभागाला तसे कळवावे" असे सांगण्यात उद्धटपणा नाही. वरिष्ठ नाही म्हणाले, तर निर्णय कोण आणि किती वेळात देणार, एवढे तरी त्यांच्याकडून याद्यांत लिहून घ्यावे.

त्याच वेळी आपल्या हाताखाली दुसरा माणूस तयार करायला लागावे, कारण ज्याच्या जागी कोणी उभे राहू शकत नाही, त्याला वरिष्ठ तिथून हलवत नाहीत. या नव्या माणसाला आधी शेजारी बसवून काम दाखवावे, मग त्याने करावे आणि तुम्ही पाहावे, आणि शेवटी तुम्ही आठवडाभर रजेवर जावे. त्या आठवड्यात फोन किती वेळा आला आणि कशासाठी आला, याची नोंद ठेवा. परतल्यावर त्याला पुढचे काय शिकवायचे, ते त्या नोंदीवरून ठरवता येईल.